आतड्याचे मूत्राशय : शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घ हिशेब

मूत्राशयाचा कर्करोग आतल्या अस्तरापुरता मर्यादित असेल, तर दुर्बिणीतून तो खरवडून काढता येतो. रोग स्नायूंच्या थरापर्यंत पोहोचला असेल, तर पुष्कळदा संपूर्ण मूत्राशयच काढावे लागते. मूत्रपिंडे मात्र आपले काम थांबवत नाहीत. दिवसाकाठी दीड-दोन लिटर मूत्र तयार होतच राहते आणि त्याला साठण्यासाठी जागा व बाहेर पडण्यासाठी वाट द्यावी लागते. अशा वेळी शल्यचिकित्सक रुग्णाच्याच आतड्याचा काही भाग वेगळा करतात, तो उभा चिरून, दुमडून, शिवून त्याची पिशवी बनवतात आणि तिला मूत्रवाहिन्या जोडतात. पिशवी नैसर्गिक मूत्रमार्गाला जोडली, तर तिला ‘निओब्लॅडर’ म्हणजे नवे मूत्राशय म्हणतात. ती पोटावरील छोट्या छिद्राशी जोडून नळीने रिकामी करण्याची व्यवस्था केली, तर तिला ‘पाऊच’ म्हणतात.

शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी घरी येतो, गाठीचा अहवाल समाधानकारक असतो, नातेवाईक भेटून जातात. काही महिन्यांत गृहस्थ पुन्हा पेढीवर बसू लागतात आणि रुग्णालयाची फाइल कपाटात जाते. कर्करोगाच्या भीतीतून सुटलेल्या कुटुंबाला आता या विषयाचे नावही नकोसे वाटते. हे मनाच्या दृष्टीने स्वाभाविक असले, तरी धोक्याचे आहे. आतड्याच्या पिशवीचे काही उपद्रव पहिल्या महिन्यात दिसतात, काही पाचव्या वर्षी आणि काही विसाव्या वर्षी. त्यांतील बरेचसे साध्या रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीत वेळेवर सापडतात. मात्र त्यासाठी तपासणी व्हावी लागते.

पावणेदोनशे वर्षांचा प्रयत्न

मूत्राला आतड्याची वाट देण्याची कल्पना जुनी आहे. १८५२ साली लंडनमध्ये जॉन सायमन यांनी जन्मतःच मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याकडे वळवल्या. तो मुलगा पुढे फार काळ जगला नाही, पण वाट खुली झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याची पद्धत बरीच वापरली गेली. तिचा दोषही हळूहळू उघड झाला. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फेरिस आणि ओडेल यांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या रक्तात क्लोराइड वाढते आणि रक्त आम्लतेकडे झुकते.

त्याच वर्षी सेंट लुईस येथील युजीन ब्रिकर यांनी निराळा मार्ग सुचवला. लहान आतड्याचा आखूड तुकडा नळीसारखा वापरायचा, त्याचे तोंड पोटावर काढायचे आणि तेथे बाहेरून पिशवी लावायची. याला ‘इलियल कॉन्ड्युट’ म्हणतात. यात मूत्र आतड्यात साठून राहत नाही, ते वाहून जाते. म्हणून आजही जगभर ही शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होते. पण पोटावरची पिशवी पुष्कळांना नकोशी वाटते. मूत्र आतच साठवणारा जलाशय बनवण्याचे प्रयत्न त्यामुळे चालूच राहिले. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे नील्स कॉक, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे उर्स स्टुडर आणि जर्मनीतील उल्म येथे रिचर्ड हाउटमन यांनी १९८० च्या दशकात यात मोलाची भर घातली. आतड्याची नळी तशीच ठेवली, तर ती आकुंचन पावून मूत्र जोराने ढकलते. ती उभी उघडून गोलाकार शिवली, तर दाब कमी राहतो आणि साठा वाढतो, हे तत्त्व त्यांच्या कामामागे आहे. लहान आतड्याचे सुमारे ५० ते ७० सेंटिमीटर यासाठी लागतात आणि पिशवी स्थिरावल्यावर तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते.

उल्म येथे एक हजार रुग्णांच्या पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा आढावा घेण्यात आला. त्यात दीर्घ मुदतीत काही ना काही गुंतागुंत उद्भवलेल्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. जेथे या शस्त्रक्रियेचा अनुभव सर्वाधिक आहे, अशा केंद्रातील हा आकडा आहे. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट आहे असा नव्हे. तिने हजारो माणसांना अनेक वर्षांचे सन्माननीय आयुष्य दिले आहे. पण ती एकदाची उरकून विसरण्यासारखी गोष्ट नाही.

आतडे आपला स्वभाव सोडत नाही

मूळ मूत्राशयाचे अस्तर जवळजवळ अभेद्य असते. त्यात साठलेले मूत्र रक्तात परत जात नाही. आतड्याची रचना याच्या नेमकी उलट आहे. शोषून घेणे हाच त्याचा धर्म. त्याची पिशवी केली, तरी ते शोषणाचे काम सोडत नाही. मूत्रातून शरीराने बाहेर टाकलेले अमोनियम आणि क्लोराइड ते पुन्हा रक्तात घेते आणि बायकार्बोनेट मूत्रात सोडते. परिणामी रक्तातील आम्लता वाढते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर विकून टाकलेला खराब माल मागच्या दाराने पुन्हा गोदामात येऊ लागतो.

मूत्रपिंडे निरोगी असतील, तर ती हा भार बऱ्याच अंशी पेलतात. तरीही उल्मच्या आढाव्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना दीर्घकाळ सोडा बायकार्बोनेट घ्यावे लागले. या आम्लतेची लक्षणे फसवी असतात. भूक मंदावते, मळमळते, थकवा येतो, वजन उतरते, श्वास जलद होतो. घरातील मंडळी म्हणतात, “वय झाले,” किंवा “मोठे आजारपण झाले, अशक्तपणा राहणारच.” खरे कारण रक्तातील बायकार्बोनेटच्या एका तपासणीत कळते आणि उपायही महागडा नाही.

आम्लता वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली, तर शरीर ती हाडांतील क्षार वापरून भागवते. हाडे ठिसूळ होतात. वयस्क स्त्रियांमध्ये हा धोका अधिक, कारण रजोनिवृत्तीनंतर त्यांची हाडे आधीच विरळ झालेली असतात. लहान मुलांचे मूत्राशय जन्मजात व्यंगामुळे आतडे जोडून मोठे केलेले असेल, तर त्यांच्या वाढीकडेही लक्ष ठेवावे लागते. अशी मुले मोठी होऊन बालरोग विभागातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांचा पाठपुरावा पुष्कळदा तुटतो. तो मोठ्यांच्या विभागात चालू राहील हे पाहणे आईवडिलांचे काम आहे.

पाणी, मीठ आणि उपवास

जैन कुटुंबांसाठी या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग येथे येतो. आतड्याची पिशवी, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, शरीरातील मीठ आणि पाणी बाहेर सोडते. म्हणून या रुग्णांना दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी पिण्यास आणि पुष्कळदा नेहमीपेक्षा थोडे अधिक मीठ घेण्यास सांगितले जाते. हृदयविकार असेल किंवा मूत्रपिंडे दुबळी असतील, तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतात. घरी रक्तदाबासाठी अळणी खाण्याची शिस्त असेल, तर तीही डॉक्टरांच्या कानावर घालावी.

चौविहार उपवासात अन्नाबरोबर पाणीही वर्ज्य असते. पर्युषणातील किंवा दशलक्षण पर्वातील निर्जल उपवास, सलग तेला, अठ्ठाई यांसारख्या तपश्चर्या निरोगी शरीरालाही कष्टाच्या असतात. आतड्याचे मूत्राशय असलेल्या व्यक्तीत त्या निर्जलीकरण, आम्लता आणि मूत्रपिंडाची हानी ओढवू शकतात. तिविहार उपवासात दिवसा उकळलेले पाणी चालते, पण क्षारांचा प्रश्न तेथेही राहतो. रोजच्या चौविहाराचा विचार वेगळा करावा लागेल. सूर्यास्तानंतर पाणी न घेतल्याने रात्री पिशवी कमी भरते, हा त्यातला लाभ. पण दिवसभराचे दोन-अडीच लिटर पाणी सूर्यास्तापूर्वी पोटात गेले पाहिजे, आणि दुकानाच्या गर्दीत नेमके तेच राहून जाते. शिवाय सोड्याची गोळी दिवसातून दोन-तीनदा असेल, तर तिचे वेळापत्रकही बसवावे लागते.

पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि चित्ताची समाधी राखण्यासाठी औषधोपचाराला त्यांत जागा आहे. तेव्हा श्रावक-श्राविकांनी तपश्चर्येचा निर्णय मनातल्या मनात घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग गुरुमहाराजांपुढे शरीराची स्थिती स्पष्टपणे सांगावी. स्वाध्याय, सामायिक, मौन, द्रव्यमर्यादा अशी तपाची इतर अंगे अशा श्रावकाला खुली आहेतच.

बी १२ ची आटणारी पुंजी

बी १२ हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते. नवे मूत्राशय बहुधा त्याच्या लगतच्या भागातून बनते. शल्यचिकित्सक शेवटचे १५-२० सेंटिमीटर शक्यतो राखतात, तरी शोषण घटू शकते. यकृतात बी १२ चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे तुटवडा लगेच दिसत नाही. तो तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी दिसू लागतो. तोवर शस्त्रक्रियेची आठवण मागे पडलेली असते आणि दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

मिश्राहारी माणसाचा हा साठा मुळात भरलेला असतो. शाकाहारी कुटुंबात बी १२ मिळते ते जवळजवळ केवळ दूध, दही, ताक, पनीर यांतून. भारतातील शाकाहारी लोकांत त्याची कमतरता मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि लहान झालेले आतडे ही तिन्ही कारणे एकाच गृहस्थात एकत्र येणे व्यापारी घरांत मुळीच दुर्मीळ नाही. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विस्मरण, फिकटपणा ही याची लक्षणे आहेत. मज्जातंतूंची हानी पुढे गेली, तर ती पूर्णपणे भरून येत नाही. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास पंडुरोग सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच बी १२ मोजून घ्यावे आणि पुढे दरवर्षी मोजावे. कमी असल्यास आतड्याला वगळून इंजेक्शनाने ते देता येते.

घड्याळाची शिस्त

नव्या मूत्राशयाला लघवीची जाणीव नसते. पोट जड वाटणे एवढाच अस्पष्ट संकेत मिळतो. त्यामुळे ते घड्याळ पाहून रिकामे करावे लागते. सुरुवातीला दर दोन तासांनी, पुढे हळूहळू तीन ते चार तासांनी. रात्री गजर लावून एक-दोनदा उठावे लागते, कारण झोपेत मूत्राशय आणि मेंदू यांच्यात चालणारा नैसर्गिक संवाद येथे उरलेला नसतो. रात्रीची गळती पुष्कळांना त्रास देते. काहींची, विशेषतः स्त्रियांची, अडचण याच्या उलट असते. पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही आणि त्यांना स्वतः नळी घालून ती रिकामी करण्यास शिकावे लागते. स्वच्छ नळी, धुतलेले हात आणि थोडा सराव एवढ्यावर हे जमते.

गिऱ्हाईक समोर आहे म्हणून लघवी रोखून धरणे ही पेढीवरील जुनी सवय. आतड्याच्या पिशवीला ती घातक ठरते. पिशवी ताणून ढिली पडते, तळाशी मूत्र शिल्लक राहते आणि त्यात संसर्ग व खडे होतात. आतड्याचा चिकट स्राव पिशवीतही तयार होत राहतो. तो साचला, तर नळी तुंबते आणि खड्यांना बीज मिळते. ज्यांना डॉक्टरांनी सलाईनच्या पाण्याने पिशवी धुण्यास सांगितले आहे, त्यांनी त्यात खंड पाडू नये. यात्रेतही हीच शिस्त लागते. सम्मेद शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची आहे. तेथे जाताना पाणी, नळ्या आणि थांबण्याच्या जागा यांचा विचार आधीच करावा.

सर्वांत गंभीर, पण सुदैवाने विरळा प्रसंग म्हणजे पिशवी फुटणे. अति भरलेली पिशवी, पडणे, पोटावर मार यांमुळे ती फाटू शकते. अचानक पोटात तीव्र दुखणे, पोट फुगणे, ताप, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. तेथील नव्या डॉक्टरांना रुग्णाला आतड्याचे मूत्राशय आहे हे ठाऊक नसेल, तर निदान चुकू शकते. शस्त्रक्रियेचा प्रकार, वर्ष आणि शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड पाकिटात आणि घरातील एकाच्या मोबाइलमध्ये असावे.

मूक हानी आणि फसवे अहवाल

मूत्रवाहिनी आतड्याला जेथे जोडतात, तो सांधा काहींमध्ये आक्रसतो. त्या बाजूचे मूत्रपिंड हळूहळू फुगते आणि निकामी होत जाते. पुष्कळदा यात वेदना अजिबात होत नाहीत. दुसरे मूत्रपिंड भार उचलत असल्याने रक्तातील क्रिएटिनिनही बराच काळ ठीक दिसते. सोनोग्राफीत मात्र सूज लगेच दिसते आणि वेळीच कळले, तर सांधा रुंद करता येतो किंवा नव्याने जोडता येतो. “काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?” या प्रश्नाचे हेच उत्तर आहे.

याउलट लघवीचा अहवाल घरच्यांना उगाच घाबरवतो. आतड्याच्या पिशवीतील मूत्रात जंतू, पू-पेशी आणि प्रथिने आढळणे नेहमीचेच आहे. ताप, कंबरेत दुखणे, लघवीला असह्य दुर्गंधी, नव्याने सुरू झालेली गळती अशी लक्षणे नसतील, तर केवळ अहवालावरून प्रतिजैविके घेऊ नयेत. औषधांच्या दुकानातून वारंवार गोळ्या आणल्यास जंतू औषधांना जुमानेनासे होतात आणि खऱ्या संसर्गाच्या वेळी उपाय उरत नाही. मूत्रात उतरणारी काही औषधे ही पिशवी पुन्हा शोषून घेते. फेनिटॉइन आणि मेथोट्रेक्सेट ही त्याची उदाहरणे. त्यामुळे कोणतेही नवे औषध सुरू करताना डॉक्टरांना पिशवीची कल्पना द्यावी.

ज्यांच्या मूत्रवाहिन्या पूर्वी मोठ्या आतड्याला जोडल्या गेल्या, त्यांच्यात अनेक वर्षांनी, पुष्कळदा वीस वर्षांहूनही उशिरा, सांध्याजवळ नवा कर्करोग उद्भवल्याचे आढळले आहे. अशांना दरवर्षी दुर्बिणीची तपासणी सांगितली जाते. लहान आतड्याच्या नव्या मूत्राशयात हा धोका फार कमी आहे. तरीही लघवीतून रक्त गेले, तर ते केव्हाही किरकोळ मानू नये.

निवड आणि तरतूद

पोटावर पिशवी नको, या एकाच आग्रहाने पुष्कळ कुटुंबे नव्या मूत्राशयाचा हट्ट धरतात. मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील, हात थरथरत असल्याने नळी घालणे जमणार नसेल किंवा नियमित तपासणीला येणे शक्य नसेल, तर इलियल कॉन्ड्युट हाच अधिक सुरक्षित मार्ग ठरतो. त्यात आतड्याचा तुकडा लहान लागतो आणि मूत्र थांबून राहत नाही, म्हणून शोषणही कमी होते. सांधा आक्रसणे, संसर्ग, छिद्राजवळ हर्निया हे प्रश्न तेथेही आहेत, तेव्हा तपासणी कोणालाच चुकत नाही. पण कपड्याखालच्या पिशवीची लाज हा निवडीचा निकष असू नये. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने स्वतः शल्यचिकित्सकाशी बोलावे. मुलांनी आणि भावांनी परस्पर निर्णय घेऊन वडिलांना आजाराचे नावही न सांगणे योग्य नाही. पुढची वीस वर्षे घड्याळ त्यांनाच पाळायचे आहे.

पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि नंतर आयुष्यभर वर्षातून एकदा तपासणी, असा सर्वसाधारण क्रम असतो. कर्करोगासाठी सांगितलेले स्कॅन याखेरीज. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि बी १२, दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि लघवीनंतर पिशवीत शिल्लक राहिलेल्या मूत्राचे मोजमाप एवढ्या गोष्टी असाव्यात. हाडांची घनता डॉक्टर सांगतील तेव्हा मोजावी.

आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च देतात. बाहेरून केलेल्या रक्ततपासण्या त्यांत क्वचितच बसतात. म्हणून यासाठी बँकेत एक छोटी आवर्ती ठेव स्वतंत्र काढावी आणि तिला दुसरा खर्च लावू नये. डायलिसिसवर आठवड्यातून दोन-तीनदा जावे लागणाऱ्या घराला या रकमेचे मोल सांगावे लागत नाही.

दिवाळीत वहीपूजन होते, नवे खाते उघडते. ज्या घरात आतड्याचे मूत्राशय असलेली व्यक्ती आहे, त्या घराने त्याच आठवड्यात पुढील तपासणीची तारीख ठरवून नव्या वहीत टिपून ठेवावी. सर्व अहवाल वर्षानुसार एका फाइलमध्ये लावावेत. ती फाइल कोठे आहे आणि तिच्यात काय आहे, हे पत्नी, मुलगा, सून यांपैकी किमान दोघांना ठाऊक असावे. रुग्ण स्वतः सांगू शकणार नाही अशा घटकेला डॉक्टर आधी तीच मागतात.